उशिराची वही

नववीच्या वह्या मांडीवर घेऊन मी एसटीत निबंध तपासत होते. विषय होता 'माझे गाव'. पुलगाव सोडून बस आर्वीच्या रस्त्याला लागली तोवर अकरा वह्या झाल्या होत्या. अकराही जणांच्या गावाच्या पूर्वेला उंच डोंगर होता, डोंगराच्या पायथ्याशी झुळझुळ वाहणारी नदी होती आणि नदीकाठी एक जुने शिवमंदिर होते. आमच्या शाळेचं गाव रोहण्याच्या पलीकडे. तिथे चारी बाजूंना सपाट काळी जमीन, कपाशी, तूर, मधूनमधून संत्र्याच्या बागा. डोंगर पाहायचा तर मुलांना सहलीला न्यावं लागतं.

वर्गातल्या बेचाळीसपैकी एकोणचाळीस जणांची गावं डोंगराच्या पायथ्याशी निघाली. उरलेल्या तिघांनी वह्याच दिल्या नव्हत्या.

राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण तो डोंगर मी ओळखत होते. वर्ध्याच्या आमच्या मुख्य शाळेत मी अठरा वर्षं मराठी शिकवलं होतं आणि अठरा वर्षं असेच निबंध फळ्यावर लिहून दिले होते. मुलं उतरवून घ्यायची, पाठ करायची, परीक्षेत ओकायची, मार्क मिळायचे. कुणाची तक्रार नव्हती. मग संस्थेने माझी बदली या शाळेत केली. घर वर्ध्यालगत पिपरी मेघेला, शाळा इथे; रोजचं अप-डाउन. बसमध्ये विचार करायला वेळ मिळू लागला आणि विचार केला की माणसाला आपलीच लाज वाटू लागते. शहरातल्या मुलांचा डोंगर मला कधी खटकला नव्हता. इथे खिडकीतून दूरवर सपाट दिसत होतं आणि वहीत डोंगर होता.

वर्गात गेल्यावर मी विचारलं, आपल्या गावाला डोंगर कुठे आहे? मग पुढच्या बाकावरच्या एकाने शांतपणे सांगितलं, "मॅडम, तो मोबाइलवरच्या निबंधात आहे."

त्यानंतर मी बरेच प्रयोग केले. मुलांना कडुनिंबाखाली बसवून 'दिसतं ते लिहा' म्हटलं. अर्ध्या तासाने वह्या पाहिल्या तर एकाने लिहिलं होतं, 'झाड. भिंत. मॅडम.' एकदा चित्र दाखवलं. एकदा गोष्टीची सुरुवात सांगून शेवट लिहायला लावला. दर वेळी एकच प्रश्न यायचा, किती ओळी लिहायच्या? त्याचं उत्तर दिलं की दुसरा, किती मार्काला आहे? मार्क नाहीत म्हटलं की पेनांची टोपणं लागायची. एका मुलाने तर मला समजावूनच सांगितलं. तो म्हणाला की तुम्ही फळ्यावर लिहून द्या, आम्ही उतरवतो, म्हणजे तुमचाही टाइम वाचते अन् आमचाही. त्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच माझी काळजी वाटत होती.

माझी बस शाळेच्या आधी चाळीस मिनिटं पोचायची. ते पाहून मुख्याध्यापकांनी मला फाटकावरची ड्यूटी दिली. 'तुम्ही तशाही लवकर येता,' एवढंच ते म्हणाले. ते याच गावचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, पांढरा शर्ट आणि करकरीत घडीची पँट. प्रार्थनेच्या वेळेला एक मिनिट इकडे-तिकडे झालेलं त्यांना चालायचं नाही. दहा वीसला घंटा, दहा पंचवीसला फाटक बंद. नंतर येणाऱ्याचं नाव, वर्ग आणि कारण एका रजिस्टरमध्ये लिहायचं. महिन्यात पाच वेळा नाव आलं की पालकांना बोलावणं. हे रजिस्टर आता माझ्या हातात आलं.

कारणाचा रकाना बोटभर रुंदीचा होता आणि त्यात जे मावतं तेच मुलं सांगायची. पोट दुखलं. पंक्चर. बस आली नाही. बस न येणाऱ्यांपैकी निम्मे गावातच राहायचे.

रोज उशिरा येणारी एक मुलगी होती, नववीचीच. वह्या न देणाऱ्या तिघांपैकी एक. गावापासून तीनेक किलोमीटरवर वावरात, म्हणजे शेतातच, त्यांचं घर. सायकलने यायची. पालकांना दोनदा बोलावणं गेलं होतं, पण कुणी आलं नव्हतं. उंच, हाडकुळी, वेण्यांच्या रिबिनी कधीच जुळ्या नसायच्या. वर्गात ती मागच्या बाकावर बसायची आणि दोन महिन्यांत मी तिचा आवाज हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. फाटकावर विचारलं की खाली पाहून म्हणायची, "झाला उशीर." मी रकान्यात 'घरकाम' लिहायचे. तेही माझ्याच मनाचं.

एक दिवस ती जरा जास्तच उशिरा आली, पावणेअकराला. मी म्हटलं, आज खरं कारण सांग, नाहीतर सरांकडे जावं लागेल. तिने सायकल भिंतीला टेकवली, ओढणीने तोंड पुसलं आणि बोलायला लागली.

"पांदणीत रोही उभा होता, मॅडम. एकदम मधात. मी घंटी वाजवली, तो हालला नाई. मी थांबली. तो माह्याकडं पाहून राह्यला, मी त्याच्याकडं पाहून राह्यली. मले वाटलं, यालेई शाळेत उशीर झाला अन् हा आता घरी काय सांगू म्हनून विचार करून राह्यला."

वावरातून जाणाऱ्या दोन धुऱ्यांमधल्या, म्हणजे बांधांमधल्या, कच्च्या वाटेला आमच्याकडे पांदण म्हणतात आणि नीलगाईला रोही. मी रोही शेकडो वेळा पाहिला होता, पण शाळेला उशीर झालेला रोही पहिल्यांदाच पाहत होते. मी हसले. ती घाबरली, तिला वाटलं मी तिच्यावर हसतेय. मी तिला रजिस्टर दिलं आणि म्हटलं की हे असंच लिही, रकान्यात मावलं नाही तर खाली लिही.

ती म्हणाली, "हे लिहत नाईत, मॅडम. हे बोलाचं आहे."

"म्हणजे?"

"लिहाचं वेगळं रायते. 'एके दिवशी मी शाळेत जात असताना' असं रायते. ते मले येत नाई."

अठरा वर्षं निबंध लिहून देऊन आम्ही मुलांना जे शिकवलं होतं ते तिने दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुलगावच्या स्टँडसमोरून दोनशे पानांची जाड वही घेतली. वर्गात सांगितलं, आजपासून नववीत जो उशिरा येईल त्याने कारण या वहीत लिहायचं. खरं असलंच पाहिजे असं नाही, पण वाचणाऱ्याला पटलं पाहिजे. मोबाइलमधलं किंवा गाइडातलं एक वाक्य दिसलं तर ते कारण धरलं जाणार नाही. जसं बोलता तसं लिहिलं तरी चालेल. ज्याचं कारण पटेल त्याचं नाव रजिस्टरला जाणार नाही.

शेवटचं वाक्य बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हा अधिकार मला नाही. पण वर्गाने कान टवकारले होते.

पहिल्या आठवड्यात सहा कारणं आली. एकाची चप्पल कुत्र्याने नेली आणि त्याने कुत्र्याशी केलेली बोलणी लिहिली होती. एकाच्या आजोबांनी घड्याळ मागे केलं होतं, कारण त्यांना नातू आणखी थोडा वेळ जवळ बसायला हवा होता. ते वाचून मी बसमध्ये खिडकीकडे तोंड फिरवलं. रोहीवाल्या मुलीनेही लिहिलं. तीन ओळी, चार ठिकाणी खोडून. आणि मी त्या वेळी माझ्या आयुष्यातली एक मोठी चूक केली. सवयीने लाल पेन उघडलं आणि तिच्या 'मले'चं 'मला' केलं, 'पाहून राह्यला'चं 'पाहत होता' केलं, 'काऊन' खोडून वर 'का' लिहिलं. तीन ओळींत अकरा लाल खुणा झाल्या. खाली 'छान' लिहिलं आणि वही परत दिली.

पुढचे आठ दिवस तिने काही लिहिलं नाही. उशिरा आली की म्हणायची, रजिस्टरमध्येच लिहा मॅडम, घरकाम. मला कळायला तेवढे दिवस लागले. मग एका दुपारी तिला स्टाफरूमच्या व्हरांड्यात बोलावलं, लाल खुणांवर पांढरा कागद चिकटवला आणि म्हटलं की तू पुन्हा लिही, मी चुकले होते. बाईंनी चुकले म्हणणं तिला नवीन असावं. तिने कागदाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"परीक्षेत 'मले' चालते का?" तिने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. परीक्षेत चालत नाही. परीक्षेचं मी वेगळं शिकवीन. पण या वहीत तू जशी बोलतेस तशीच दिसली पाहिजेस.

ती म्हणाली, "मग ठीक आहे." आणि तिथेच व्हरांड्यात मांडी घालून तिने पान भरलं.

त्यानंतर त्या वहीपाशी लाल पेन गेलं नाही. पण वही चालायला लागली तशी दुसरीच अडचण उभी राहिली. पोरं मुद्दाम उशिरा येऊ लागली. शाळेसमोर राहणारा मुलगा फाटक बंद व्हायची वाट पाहत पानठेल्याच्या आडोशाला उभा राहायचा आणि मग धापा टाकत यायचा. एका सोमवारी नववीतले चौदा जण उशिरा आले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं.

ते चिडून बोलत नसत, तेच जास्त अवघड जायचं. त्यांनी सांगितलं की बावीस वर्षांत या शाळेत वेळेची शिस्त बसवली, ती तुम्ही एका वहीने उसवून राहिल्या. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला. वही त्यांनी ठेवून घेतली.

दोन दिवस ती त्यांच्या टेबलावर फायलींखाली होती. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही परत दिली आणि निर्णय सांगितला. दर शनिवारी शेवटची तासिका लिखाणाला. पण आठवडाभर जो वेळेवर आला त्यालाच लिहायला मिळेल. जो एकदा जरी उशिरा आला त्याने त्या तासाला वाचनालयात जाऊन पाढे लिहायचे.

मी थक्क झाले. महिनाभर ज्या लिखाणासाठी मी पोरांच्या पाया पडत होते, ते त्यांनी एका वाक्यात बक्षीस करून टाकलं होतं. आणि ते लागूही पडलं. पुढच्या सोमवारी पानठेल्यावाला मुलगा दहा वाजता फाटकावर हजर. पहिल्या शनिवारी एकोणतीस जण सुटे कागद घेऊन लिहायला बसले आणि पाऊण तासात कुणीही किती ओळी म्हणून विचारलं नाही. कारणांची आता गरज नव्हती आणि ते कागद मी नंतर वहीत चिकटवायचे, तरी मुलांनी वहीचं नाव बदलू दिलं नाही. उशिराचीच वही म्हणायची, असं ठरलं.

या मुलांतला एक मला फार आवडायचा. तो दर शनिवारी एकच ओळ लिहायचा, 'आज बी काई झालं नाई.' खाली तारीख. मी त्याला बळजबरी केली नाही. इतर मुलं वही हातात आली की आधी त्याची ओळ शोधायची. असे सात-आठ शनिवार गेले आणि एकदा त्याने लिहिलं, 'आज झालं. पन सांगत नाई.' त्या दिवशी सगळा वर्ग त्याच्यामागे लागला. त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सगळे खुश होते आणि ज्या मुलीमुळे हे सुरू झालं ती वाचनालयात पाढे लिहीत होती. ती रोज उशिरा यायचीच. दहा मिनिटं, बारा मिनिटं. पहिल्या शनिवारी मी तिच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या शनिवारी पाहिलं; ती एकोणतीसचा पाढा सुबक अक्षरात लिहीत होती. मी मुख्याध्यापकांशी बोलले. ते म्हणाले की एकाला सूट दिली की नियम राहत नाही, आणि तुम्हीच सांगा, दहा मिनिटं आधी निघायला काय हरकत आहे? त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. मी तिला कधी नीट विचारलंच नव्हतं. रोहीची गोष्ट ऐकून मी इतकी खुश झाले होते की रोज रोही आडवा येत नाही हे लक्षातच आलं नव्हतं.

मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं. फार नाही, एवढंच की तिच्यासोबत धाकटी बहीण असते, चार वर्षांची. तिला अंगणवाडीत सोडून यावं लागतं आणि अंगणवाडीचं कुलूप साडेदहाला उघडते. आईबाबा सकाळीच कामाला निघून जातात.

मी म्हटलं, मी सरांना सांगते. ती नको म्हणाली. मग विचारलं, "अर्ज लिहता येते का, मॅडम? पुस्तकात आहे ना."

अर्जलेखन आम्ही गेल्याच महिन्यात शिकवलं होतं. प्रति, विषय, महोदय, आपली आज्ञाधारक. मी तिला तो साचा पुन्हा दाखवला आणि मधला मजकूर तिच्यावर सोडला. दोन दिवसांनी तिने घडी घातलेला कागद मला न दाखवता थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. मला तो नंतर वाचायला मिळाला. वरचा आणि खालचा भाग पुस्तकातल्यासारखा होता. मधे असं होतं:

'सर, माझा उशीर दहा मिनटाचा आहे. तो माझा नाही, तो कुलपाचा आहे. कुलूप उघडेपर्यंत मी अन् माझी बहीन ओट्यावर बसून रायतो. शाळेची घंटी तिथं आयकू येते. घंटी वाजली की बहीन म्हनते जाय तू, मी बसतो एकटी. पन ती चार वर्साची आहे. आमची पांदन तुमाले माहीत आहे. कोरड्यात मी सायकलवर बसतो अन् गाऱ्यात सायकल माह्यावर बसते. तरी मी कुलपाच्या आधी पोचतो. मले पाढे तीसपर्यंत पाठ झाले आहेत. आता मले लिहू द्यावे ही नम्र विनंती.'

'मी बसतो' आमच्याकडे मुलीही म्हणतात, आणि गारा म्हणजे चिखल. तो त्या दिवसांत भरपूर होता. पाऊस नुकताच थांबला होता आणि आमची काळी माती तर पाऊस गेल्यावरही पाय सोडत नाही.

मुख्याध्यापकांनी अर्जावर काही शेरा मारला नाही. मला बोलावलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वीसची घंटा झाली आणि प्रार्थनेला ते नव्हते. असं कधी झालं नव्हतं. शिपायाने दोनदा रस्त्यावर जाऊन पाहिलं. प्रार्थना मीच घेतली. दहा पंचवीसला मी फाटक लावलं.

पावणेअकराच्या सुमाराला ते आले. पायी. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, एका हातात बूट. त्यांच्या मागे ती मुलगी सायकल ढकलत. ते सकाळी मोटारसायकल घेऊन तिच्या वावरापर्यंत पांदण पाहायला गेले होते. जाताना जमलं, येताना गाडी मध्येच रुतली. ती मुलगी बहिणीला घेऊन मागून आली तेव्हा सर गाडीचं चाक काडीने कोरत होते. मग तिने सांगितलं की गाडी राहू द्या, ऊन पडल्यावर निघते, आणि तिघं चालत आले. अंगणवाडीच्या ओट्यावर तेही कुलूप उघडेपर्यंत बसले होते.

फाटकावर नववीतले तीन-चार जण सरांची वाट पाहत माझ्याजवळ उभे होते. मी फाटक उघडलं आणि बाजूला झाले. तेवढ्यात पानठेल्यावाला मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "सर, कारण लिहा लागते."

मला वाटलं, आता काही खरं नाही. सर थांबले. बूट खाली ठेवले, हात रुमालाला पुसले आणि माझ्या पिशवीतली उशिराची वही मागितली. उभ्या-उभ्या त्यांनी त्यांच्या सुंदर, वळणदार अक्षरात एक ओळ लिहिली आणि वही परत दिली. मुलांनी वाकून वाचली. 'अपरिहार्य कारणास्तव विलंब झाला.'

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलायची हिंमत कुणाची होईना. शेवटी त्या मुलीनेच सांगितलं, अगदी हळू.

"सर, हे गाइडातलं आहे."

मी जमिनीकडे पाहत होते. मग सरांचा आवाज आला, "मग कसं लिहू?"

"जसं झालं तसं."

ते "बरं" म्हणाले आणि बूट उचलून आत गेले. शनिवारी शेवटच्या तासिकेला ते वर्गात आले आणि मागच्या रिकाम्या बाकावर बसले. मुलं सुरुवातीला ताठ झाली, मग विसरली. सरांनी दीड पान लिहिलं. त्यात पांदण होती, रुतलेली गाडी होती, आणि एक गोष्ट होती जी आम्हा कुणालाच माहीत नव्हती. लहानपणी ते त्याच पांदणीने शाळेत यायचे. त्यांच्या वडिलांनी ते वावर पुढे विकलं आणि घर गावात आलं, तेव्हापासून पंचेचाळीस वर्षांत ते त्या वाटेने गेले नव्हते. वाट तेवढीच होती, असं त्यांनी लिहिलं होतं. फक्त आपल्याला लांब वाटली. मुलांनी ते मोठ्याने वाचायला लावलं. सरांनी वाचलं. वाचताना एका ठिकाणी 'मले' आलं आणि त्यांनी ते तसंच वाचलं.

नियम त्यांनी मोडला नाही, बदलला. पांदणीने येणाऱ्यांना दहा चाळीसपर्यंत सूट, आणि ती रजिस्टरच्या पहिल्या पानावर सही करून लिहून ठेवली. अंगणवाडीच्या ताईंशीही ते बोलले. त्या लांबून यायच्या, त्यांचंही काही अडत होतं. शेवटी शेजारच्या घरी एक किल्ली ठेवायचं ठरलं. मग ती मुलगी बहुतेक वेळा घंटेलाच पोचू लागली.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. बेचाळीसपैकी आठ-दहा जण शेवटपर्यंत कंटाळून लिहायचे. काहींना शनिवार म्हणजे पाढे चुकवायची सोय एवढंच वाटायचं. परीक्षेतल्या निबंधांत डोंगर पुन्हा उगवला. मी विचारलं तर म्हणाले की मॅडम, तिथं रिस्क नाही घेत. मला ते पटलंही. पण तोंडी बोलताना मुलं आधीपेक्षा मोकळी झाली होती, आणि वर्गात कुणी काही सांगू लागलं की दुसरा म्हणायचा, हे लिहून ठेव. मला तेवढं पुरेसं होतं. घरी जाताना बसमध्ये मी वही वाचायचे आणि वर्धा कधी यायचं ते कळायचं नाही. एकदा तर नालवाडीपर्यंत पुढे निघून गेले आणि रिक्षाने परत आले.

ती मुलगी दहावीला गेली तेव्हा दिवाळीच्या सुट्टीआधी मी तिच्या घरी गेले. संत्र्याच्या बागेच्या कडेला दोन खोल्यांचं घर, पुढे सारवलेलं अंगण. तिची आई तुरीच्या वावरातून नुकतीच आली होती. मला खुर्ची दिली, गुळाचा चहा दिला आणि स्वतः खाली बसली. धाकटी बहीण माझ्या पर्सची चेन उघडून-लावून पाहत होती. आईला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली की पोरगी रात्री वाचून दाखवते, कायबाय लिहते, तुमी सांगतलं म्हनते. चांगलं आहे का, हे तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. मी खूप चांगलं आहे म्हटलं. मग मुलीला म्हटलं, आता आईसमोर माझ्यासाठी वाच.

तिने नवीन लिहिलेलं वाचलं. म्हैस व्यायची रात्र. ती अडली होती, बाबा बाहेरगावी होते, आईने कंदील धरायला तिला उभं केलं होतं. वाचन संपलं तेव्हा रेडकू उभं राहत होतं आणि कंदील धरलेला हात दुखत होता हे तिला तेव्हा कळलं, असं काहीसं होतं. आई अस्वस्थ झाली.

"सारं बराबर आहे, मॅडम," ती म्हणाली, "पन म्हैस नव्हती ते. गाय होती. अन् कंदील कुठं होता, मोबाइलची बत्ती होती. हे इनं चूक लिहलं."

मी मुलीकडे पाहिलं. तिने वही मिटली आणि आईला समजावून सांगितलं, जसं आपण लहान मुलाला सांगतो तसं.

"मले माहीत आहे गाय होती. पन गाय लवकर मोकळी झाली असती. म्हैस जड रायते, तिच्यानं टाइम लागते. अन् मोबाइल धरून हात दुखत नाई."

आईने थोडा विचार केला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली की हे बी खरंच आहे म्हना. आणि चहाचे कप उचलायला उठली.

मी निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. मुलगी सायकल घेऊन पांदणीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. वाट कोरडी होती. तिने विचारलं की पुढच्या वेळी कधी येता, आणि मी म्हटलं, हिवाळ्यात, संत्री उतरतात तेव्हा. ती हो म्हणाली आणि सायकल वळवून घराकडे गेली.